निर्जंतुक

छत्तीस वर्षं मी उकळत आले.
कात्र्या, चिमटे, सुया, रबरी नळ्या.
सिव्हिलच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत
ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं की चष्म्यावर धुकं.
पगारे सिस्टरच्या हाताखालून गेलेल्या ड्रममध्ये
काहीच जिवंत राहत नाही,
असं डॉक्टर लोक म्हणायचे.
कौतुकानं.

आता उत्तमनगरच्या घरात, मागच्या मोरीत
निफाडहून आलेलं गव्हाचं काड भिजतंय.
रात्रभर साधं पाणी,
सकाळी ऐंशी अंशांवर तासभर.
उकळी फुटू द्यायची नाही,
शिबिरातला तो मिसरूड फुटलेला पोरगा सांगत होता,
सगळं मारायचं नाही मावशी,
थोडंच मारायचं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मूठ आवळली तर थेंब गळू नये,
तळवा मात्र ओला व्हावा,
इतकं काड निथळायचं. मग पिशवी.
एक थर काड, वर धिंगरीचं बी,
म्हणजे ज्वारीचे दाणे, पांढऱ्या लोकरीत गुरफटलेले.
असली लोकर कधी टाक्यांच्या दोऱ्यावर दिसती
तर अख्खी पाळी मी परत उकळायला लावली असती.
आता तीच
कडेकडेनं, चिमटीनं, जपून पसरते.
सवयीनं सुई ज्योतीवर धरते
आणि पिशवीला वीस भोकं पाडते.
मोजून.

सातव्या पिशवीत हिरवी शिरली.
मी ओळखलं तिला, जुनी ओळख आमची.
पिशवी बाहेर नेऊन खोल पुरली,
कोपरापर्यंत हात धुतले,
आणि परत आले तर बाकीच्या सहा
अंधारात दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या.

बाविसाव्या दिवशी कान फुटले.
आधी टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके,
मग एका रात्रीत घोसच्या घोस,
प्रसूती वॉर्डातल्या पाळण्यांत
एका रांगेत दिसायच्या तशा पातळ पाळ्या.
पहिला घोस मी काळ्या मसाल्यात केला,
कांदा-खोबरं भाजून.
नणंद मंजुळा ताट सरकवून म्हणाली,
कुत्र्याच्या छत्र्या मी खायची नाही.
नंतर वाटीतला रस्सा तेवढा
भाकरीला लावून बघितला तिनं.
दोनदा.

काडाला घाई असते.
तीन बहार देतं आणि काळं पडतं,
मग ते कुंड्यांत जातं.

पण ओंडका.
गल्लीतला आंबा पाडला तेव्हा मागून आणलेला,
हातभर लांब, साल शाबूत.
कचेश्वर सुतारानं ड्रिलनं भोकं पाडून दिली,
मी बी ठासलं, वरून मेण ओतलं,
ड्रेसिंग करावं तसं.
त्याला आता अकरा महिने झाले.
कचेश्वर येता-जाता विचारतो, काय म्हणतोय पेशंट?
काही म्हणत नाही.
चिवडा भाजणाऱ्या शेजारच्या अण्णांनी
चुलीसाठी मागितला एकदा.
दिला नाही.

मी त्याच्यावर दोन बोटं ठेवून
दुसऱ्या हाताच्या बोटानं वाजवून बघते,
छाती वाजवतात तसं.
वरच्या टोकाला भरीव. मधे थोडा पोकळ.
मेणाच्या एका टिकलीपाशी भेग,
भेगेत पांढरं.
पांढरं की चुना उडालेला, चष्म्यातून कळत नाही.

काल रात्री थंडी उतरली, गंगापूरकडून वारा होता.
ओंडका उचलला, निळ्या पिंपात आडवा सोडला,
वर जात्याची तळी ठेवली, तरंगू नये म्हणून.
रात्रभर बुडवून ठेवायचा म्हणतात, मग जागा होतो कधी कधी.
स्टूल ओढून बसले.

ऑपरेशन संपलं की बोळे मोजायचे असत,
आत गेले तितके बाहेर.
एक कमी भरला तर पोट शिवू देत नव्हते मी कुणाला.

सालीखालून बुडबुडे येतायत.
एक आला. थांबला.
मग तीन एकदम.

मोजत नाही मी.